स्पीडोमीटर जास्त दाखवतो, तो बिघाड नव्हे

काटा १०० वर आणि जीपीएसवर ९४, म्हणून घाबरू नकोस. मीटर मुद्दामच थोडा पुढे ठेवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली क्र. ३९ प्रमाणे तो खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू शकत नाही. जास्त मात्र खऱ्या वेगाच्या दहा टक्के आणि वर ताशी ४ किमी, इथपर्यंत चालतो. म्हणजे खरा वेग ८० असताना ९२ दिसले तरी नियमातच.

खरी काळजी टायरची घे. मीटर चाकाचे फेरे मोजतो. झिजलेल्या टायरने आकडा आणखी फुगतो, ते परवडलं. पण हौसेने मोठ्या व्यासाचे टायर बसवलेस तर मीटर कमी दाखवू शकतो, आणि ते मला खरोखर धोक्याचं वाटतं. ताडून पाहायचंच तर सरळ, सपाट रस्त्यावर, वेग स्थिर ठेवून; जीपीएसचा आकडा शेजारच्याला वाचायला सांग.