मिशनरी घरात ‘प्रार्थनेने तरलो’ म्हणतात, म्हणजे नक्की काय होतं?

ताई, तुम्ही लिहिलंय की लग्नानंतर गावोगाव ख्रिस्ताचा संदेश सांगणाऱ्या सुवार्तिक नवऱ्याबरोबर लांबच्या खेड्यात राहायला जायचं आहे आणि जो तो म्हणतो, “प्रार्थना सांभाळते, काळजी करू नकोस.” सांभाळते म्हणजे नक्की काय करते, असा तुमचा प्रश्न आहे. मी अशाच घरात वाढले, म्हणून लिहिते.

माझे वडील सुवार्तिक होते. नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात आमचं दोन खोल्यांचं घर होतं. बाबा सायकलवरून वस्त्यांवर जायचे. त्यांची आई, म्हणजे माझी आजी, तरुणपणी बायकांना बायबल वाचून दाखवणारी बायबलबाई म्हणून गावोगाव पायी फिरलेली. रात्री जेवणं झाली की ताटं बाजूला सारून कंदील मधोमध यायचा. बायबलचा एक अध्याय, त्यातली वचनं आम्ही पोरं पाळीपाळीने वाचायचो. मग नारायण वामन टिळकांचं एखादं भजन, आणि मग आजीची प्रार्थना. ती लांबायची, कारण आजी नावं घ्यायची. आजारी माणसं, दिवस भरत आलेल्या बाया, परीक्षेला बसलेली पोरं, आणि ज्या घरचे लोक आम्हांला विहिरीवर पाणी भरू देत नसत तेही, एकेकाचं नाव घेऊन, त्यांच्या गाईम्हशींसकट. मला फार राग यायचा. पण ज्याच्या लेकरांसाठी रात्री देवबापाकडे मागितलं, त्याच्याकडे सकाळी डोळे वटारून बघणं जड जातं. आई त्या बायांशी रोज दोन शब्द बोलू शकायची, त्याचं मूळ मला त्या रात्रीच्या यादीत दिसतं.

1972 च्या दुष्काळात, दिवाळीच्या सुमाराला, माझा धाकटा भाऊ गेला. पावणेदोन वर्षांचा होता. जुलाब लागले आणि दोन दिवसांत पोर सुकून गेलं. बाबा त्याला छातीशी बांधून सायकलवरून दवाखान्याकडे निघाले, पण वाटेतच सगळं संपलं. प्रार्थना केली नव्हती असं नाही. आदली रात्रभर आमच्या घरात दुसरं काही चाललंच नव्हतं.

माती देऊन आलो त्या रात्रीही कंदील मधोमध आला. आजीनेच आणून ठेवला. अध्याय कुणी उघडला नाही, भजन कुणी काढलं नाही. आजीने “हे आमच्या स्वर्गातील पित्या” सुरू केलं आणि आम्ही तिच्या मागोमाग म्हणू लागलो. “जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो” इथे आलो आणि बाबांचा आवाज बंद झाला. “आमची रोजची भाकर” आलं तेव्हा तो परत आला. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच. पुढे कित्येक महिने बाबा त्या वाक्याला गप्प व्हायचे आणि आजी तेवढंच वाक्य जरा चढ्या आवाजात म्हणायची, आम्हा पोरांना ती रिकामी जागा ऐकू येऊ नये म्हणून. मला यायची. सकाळी बाबा सायकल काढून त्याच देवाबद्दल लोकांना सांगायला जायचे. त्यात खोटेपणा नव्हता, हे मी त्यांची मुलगी म्हणून सांगते. आजीने त्यांना एकदाही “म्हण की” म्हटलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री, पत्र्यावर पाऊस वाजत असताना, बाबांनी ते वाक्य म्हटलं. इतकं हळू, की मला आधी पावसाचाच आवाज वाटला. त्या रात्री आजीने आवाज चढवला नाही.

ताई, मी पाहिलेलं सांभाळणं ते हे. भाऊ परत आला नाही. आई त्याचं झबलं ट्रंकेत ठेवून वर्षानुवर्षं काढत-ठेवत राहिली. पण बाबांना जे शब्द उचलत नव्हते ते दुसऱ्या कुणीतरी उचलून धरले, आणि ते परत येईपर्यंत खाली ठेवले नाहीत.

आपल्याकडे हे अगदी पहिल्यापासूनचं आहे. 1806 मध्ये अमेरिकेत विल्यम्स कॉलेजची पाच पोरं प्रार्थनेला जमली, वादळ आलं म्हणून गवताच्या गंजीच्या आडोशाला बसली आणि तिथेच परदेशी सुवार्ता नेण्यासाठी त्यांनी प्रार्थना केली. त्याच कॉलेजातला गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईला उतरला. कंपनी सरकार परत पाठवायला निघालं होतं, तरी विनंतीपत्रं लिहून लिहून राहिला. त्याचा सोबती सॅम्युएल न्यूएल मुंबईला आला तो बायको आणि तान्ही मुलगी गमावून. मुलगी समुद्रावरच वारली आणि बायको हॅरिएट 1812 मध्ये मॉरिशसला वारली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. न्यूएलला पुढे 1821 मध्ये मुंबईत पटकीने नेलं. हॉलने 1825 मध्ये बायको आणि दोन मुलांना तब्येतीसाठी अमेरिकेच्या जहाजात बसवलं, त्यातला थोरला वाटेतच गेला. आणि 20 मार्च 1826 ला हॉल स्वतः नाशिकच्या दौऱ्यावरून परतताना एका देवळाच्या ओसरीवर पटकीने वारला. जवळचं औषध त्याने नाशिकच्या आजाऱ्यांना वाटून टाकलं होतं. वय एक्केचाळीस. त्याने ज्यासाठी रक्त आटवलं तो बायबलचा मराठी नवा करार त्याच वर्षी छापून पूर्ण झाला.

तिकडे अमेरिकेतल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, महिन्याच्या पहिल्या सोमवारी मिशनकार्यासाठी प्रार्थना व्हायची. टपालाला महिनेच्या महिने लागायचे. म्हणजे 3 एप्रिलच्या सोमवारी लोकांनी हॉलसाठी मागितलं तेव्हा त्याला जाऊन बरोबर दोन आठवडे झाले होते आणि तिकडे कुणालाच माहीत नव्हतं. या प्रार्थना वाया गेल्या का, यावर मी खूप विचार केला आहे. मला नाही वाटत. बायको-मुलं अमेरिकेला निघून गेल्यावर मुंबईच्या रिकाम्या घरात बसलेल्या माणसाला पहिला सोमवार माहीत होता. आज तिकडे माझं नाव घेतलं जातंय, हे त्याला घड्याळ बघून कळत होतं.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. भाऊ गेल्यावर सांत्वनाला आलेल्या एका थोरल्या माणसाने आईला म्हटलं, “कुठेतरी विश्वास कमी पडला असेल.” ते वाक्य तिच्या मनातून मरेपर्यंत गेलं नाही. तुम्हांला कुणी असं म्हटलं तर ऐकून घेऊ नका, आणि तुम्ही कुणाला कधी म्हणू नका. मी पुढे नर्स झाले. मीठ-साखरेच्या पाण्याने असं लेकरू वाचू शकतं हे शिकले, त्या दिवशी वसतिगृहाच्या मोरीत बसून रडले. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेला इस्पितळ उघडलं ते प्रार्थनेवर भरवसा असूनच. तुम्ही जाल तिथे जवळचा दवाखाना कुठे, रात्री गाडी कुणाची मिळेल, हे पहिल्या आठवड्यात बघून ठेवा. घरात ओआरएसची पाकिटं असू द्या.

आणि रात्रीची उपासना दोघांनीच का होईना, सुरू करा. शब्द सुचले नाहीत तर प्रभूची प्रार्थना आहेच. नवरा एखाद्या वाक्याला थांबला तर तुम्ही म्हणा, तुम्ही थांबलात तर त्याला म्हणू द्या.

आमच्या मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी सात वाजता आम्ही आठ-दहा जणी प्रार्थनेला बसतो. तुमचं नाव नको, जायचं त्या गावाचं नाव तेवढं कळवा.