दुसऱ्या महायुद्धातल्या बूमरँग या ऑस्ट्रेलियन लढाऊ विमानाच्या मॉडेलवर लाल ठिपक्याचं चिन्ह लावावं का?

अजिबात नको. तुम्ही १/७२ मापाचं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) किट न्यू गिनीतलं विमान म्हणून रंगवताय, म्हणजे १९४३-४४ चा काळ. जपानी विमानांवरच्या लाल गोलाशी गफलत होऊन आपल्याच लोकांनी गोळ्या झाडू नयेत म्हणून ऑस्ट्रेलियाने १९४२ मध्येच चिन्हातला लाल काढून फक्त निळा-पांढरा ठेवला. भारत-ब्रह्मदेश आघाडीवरही ब्रिटिश विमानांवरचा लाल याच कारणाने गेला होता.

शेपूट पांढरी ठेवा, ओळख पटावी म्हणून न्यू गिनीत ती तशी रंगवत. आधी पांढरा मारा, पूर्ण वाळल्यावर मास्किंग टेप लावा आणि मगच हिरवा-तपकिरी. हिरव्यावर पांढरा चढवायला गेलात तर थरावर थर द्यावे लागतील आणि पॅनेलच्या रेषा (पत्र्यांच्या जोडांच्या कोरीव खुणा) बुजतील.

हे विमान मला फार प्रिय आहे. जपान दाराशी आलेला असताना विरावे या सराव-विमानाचे भाग वापरून काही महिन्यांत उभं केलेलं; एकूण २५० बनली. हवेत शत्रूचं एकही विमान पाडल्याची नोंद नाही, पण जंगलात झाडांच्या शेंड्यांवरून उडत पायदळाला लक्ष्य दाखवण्यात ते पटाईत होतं. म्हणून पोटाखाली धुराचे, मातीचे डाग जरूर दाखवा.