‘भाषा जमत नाही, म्हणजे मला पाचारणच नव्हतं का?’

पाचारण म्हणजे धर्मसेवेसाठी देवाने केलेलं बोलावणं. मिशनसाठी परक्या मुलखात गेलेले तरुण सिस्टर आणि ब्रदर हा प्रश्न मला, त्यांच्या समुपदेशक ताईला, इतक्यांदा विचारतात की आता समोरचा माणूस घसा खाकरतो तेव्हाच तो ऐकू येतो. साधारण दुसऱ्या महिन्यात तो येतो. विमानतळावरच्या हारांची नवलाई ओसरलेली असते, भाषा अजून आलेली नसते, आणि मधल्या पोकळीत माणूस थेट देवाच्या योजनेवरच शंका घ्यायला लागतो. म्हणून एका सिस्टरची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि दहा-बारा भेटींचं सार इथे थोडक्यात मांडलं आहे.

सिस्टर वसईच्या, वय २६. घरी कादोडी ही वसईची बोली, शाळेत मराठी, पुढे हिंदी आणि इंग्रजी. नोव्हिशिएट (व्रतांआधीचं प्रशिक्षण) झालं, प्रथम व्रतं झाली, दोन वर्षं शाळेत शिकवलं आणि मग टांझानियाला रवानगी. तिथे आधी सोळा आठवड्यांचा स्वाहिलीचा वर्ग: सकाळी चार तास शिकणं, दुपारी गावात जाऊन बोलणं, संध्याकाळी गृहपाठ. इंग्रजीवर निभावून नेता येत नाही. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळा, चर्चमधली मिस्सा, दवाखाना, बाजार, सगळं स्वाहिलीत चालतं. इंग्रजी शिक्षणाचं माध्यम होते ती माध्यमिक शाळेत, आणि टोमॅटो विकणाऱ्या बाईला तिचा उपयोग नाही. आम्ही गुरुवारी भेटायचो, व्हिडिओ कॉलवर. इथे रात्रीचे साडेआठ, तिथे संध्याकाळचे सहा.

पहिल्या भेटीत मी भाषेबद्दल काहीच विचारत नाही. झोप, भूक, वजन, पाळी, आणि मलेरियाची कुठली गोळी चालू आहे, एवढंच. हसू नका. मलेरिया टाळण्यासाठी दर आठवड्याला घ्यायच्या मेफ्लोक्विन या गोळीने काहींना भयानक स्वप्नं पडतात, बेचैनी आणि उदासी येते. तसं असेल तर ती गोळी ज्यांनी दिली त्या डॉक्टरांकडे आधी जायचं, समुपदेशन नंतर. सिस्टरांची गोळी वेगळी होती आणि झोपही ठीक होती.

पुढच्या भेटीत सिस्टर म्हणाल्या, “व्याकरण डोक्यात बसत नाही, ताई.”

“वही दाखवा.”

वही कॅमेऱ्यासमोर धरली. सुंदर अक्षर, तीन रंगांच्या शाया. स्वाहिलीत नामांचे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे शब्दाचा सुरुवातीचा भाग बदलतो. किताबू म्हणजे पुस्तक, विताबू म्हणजे पुस्तकं. चांगलं पुस्तक ‘किताबू किझुरी’, चांगली पुस्तकं ‘विताबू विझुरी’. चांगलं मूल ‘म्टोटो म्झुरी’, चांगली मुलं ‘वाटोटो वाझुरी’. इंग्रजीतून शिकणारा इथे घाम गाळतो. मराठी माणसाला मात्र चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं पुस्तक ही कसरत आईच्या मांडीवर येते. आपल्याकडे शेपूट बदलतं, तिकडे तोंड, एवढाच फरक. वर तिथे तो आणि ती यांना एकच शब्द आहे, ‘येये’. वहीत हे सगळं अचूक होतं. लेखी चाचणीत ५० पैकी ४६.

“काल वर्गाबाहेर किती जणांशी स्वाहिलीत बोललात?”

बराच वेळ काही नाही. मग, “कुणाशीच नाही.”

कधीपासून, ते हळूहळू बाहेर आलं. दवाखान्यातल्या बाईंनी ‘सा म्बिली’ला बोलावलं होतं. सा म्हणजे तास, म्बिली म्हणजे दोन. सिस्टर दुपारी दोनला गेल्या. बाई सकाळी आठपासून वाट पाहून घरी गेल्या होत्या. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात: सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास, आणि आठ म्हणजे दुसरा. घड्याळात तास काटा ज्या आकड्यावर असेल त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा, की चुकत नाही. (मोजा म्हणजे एक. आपल्याला तिथे विनाकारण मोजावंसं वाटतं, ते सोडा.) नव्याने गेलेला जवळजवळ प्रत्येक जण या खड्ड्यात एकदा पडतो. सिस्टरांनी मात्र त्या दिवसापासून तोंड मिटलं. कॉन्व्हेंटात इंग्रजी येणाऱ्या एकुलत्या एका सिस्टरला त्या चिकटल्या, आणि रात्री वसईला दीड-दीड तास फोन.

त्यांना आणखी एक गोष्ट सलत होती. “आमचे गोन्सालो गार्सिया जपानीत दुभाष्याचं काम करायचे. मला टोमॅटो मागता येत नाहीत.” वसईच्या मुलीने वसईच्या संताशी तुलना करणं साहजिक आहे, पण मग पूर्ण गोष्ट घ्यावी. गोन्सालो पोरवयात जपानला गेले. आधी जेज्वित धर्मसंघासोबत कित्येक वर्षं काढली, मग व्यापार केला, भाव केले, घासाघीस केली. फ्रान्सिस्कन धर्मसंघाचे दुभाषी झाले ते त्यानंतर, आणि १५९७ साली नागासाकीला क्रुसावर गेले. आपण त्यांचा शेवट पाहतो आणि आपल्या सहाव्या आठवड्याशी ताडून बघतो. हे मी सांगितलं, सिस्टरांनी मान डोलावली, आणि काहीही बदललं नाही. पटणं आणि बदलणं यांच्यामध्ये एखादी फजिती लागते, असं माझं जुनं मत आहे.

पाचव्या भेटीत मी विचारलं, “तिथे गेल्यापासूनची सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट कुठली? घड्याळाची सोडून.” हा प्रश्न मी मुद्दाम उशिरा विचारते. आधी विचारला की माणूस सोयीचं काहीतरी सांगून मोकळा होतो.

“बागेत काम करणारा एक जण आहे. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्याने पाण्याची बादली उचलून दिली. मी म्हटलं, ‘असांते, दादा.’”

“बरं मग?”

“त्याने मागे वळून पाहिलं, कुणी बाई उभी आहे का म्हणून. तिथे दादा म्हणजे बहीण, ताई. शेजारची पोरं हसून हसून लोळायला लागली.”

“आणि भावाला काय म्हणतात?”

“काका.”

त्या थांबल्या, आणि मग ओठ दाबून धरलेलं हसू फुटलं. “ताई, तिशीतल्या माणसाला मी काका कसं म्हणू? वर्गात पाठ केलं होतं, वहीत आहे! जिभेवर येईना.” दोन मिनिटं त्या नुसत्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तीन आठवडे जी गोष्ट त्यांनी आपल्या नालायकीचा पुरावा म्हणून जपली होती, ती मराठीत सांगताना निव्वळ विनोद निघाली.

हसणं थांबल्यावर मी विचारलं, “वसईत तुम्ही एखाद्या घरी गेलात की काय होतं?”

“लोक उठून उभे राहतात. खुर्ची पुसून देतात.”

“आणि तिथे?”

“तिथे पाच वर्षांचं पोर माझा उच्चार सुधारतं.”

पाठांतर उत्तम होतं, बुद्धीही तल्लख होती. अडचण खुर्चीची होती. शिकवायला, द्यायला म्हणून गेलेल्या माणसाला महिनोन्महिने घेणाऱ्याच्या जागी बसावं लागतं, आणि ते ‘चुकता कामाच नये’ या हट्टात बसत नाही. विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे विचारांतले हट्ट तपासत, काम करणारे आम्ही लोक या ‘च’वर नजर ठेवून असतो. चुकू नये ही इच्छा चांगली आहे, तिच्यामुळे वही नीट राहते. चुकता कामाच नये हा हुकूम झाला की जीभ संप करते. पाचारणाचा याच्याशी काही संबंध नाही. ते आहे की नाही हे ठरवायला नोव्हिशिएटची वर्षं, प्रार्थना आणि वरिष्ठ असतात. स्वाहिलीचा सहावा आठवडा त्यासाठी नसतो.

मग गृहपाठ ठरला. चार वाक्यं, फक्त चार. माझं नाव अमुक: ‘जिना लांगू नी...’ मी स्वाहिली शिकते आहे: ‘निनाजिफुंझा किस्वाहिली.’ मला एवढंच येतं: ‘निनाजुआ हाया टू.’ धन्यवाद, येते: ‘असांते, क्वाहेरी.’ पहिल्या आठवड्यात रोज पाच माणसांना, दुसऱ्यात रोज वीस. तीच वाक्यं, माणसं वेगळी. विसाव्या माणसापर्यंत वाक्य तोंडात मुरलेलं असतं. तिसऱ्या वाक्याला लोक हसतात आणि पाचवं वाक्य आपणहून शिकवतात. दुसऱ्या आठवड्याअखेर सिस्टरांकडे ‘सेमा तेना, पोले पोले’ (पुन्हा सांगा, सावकाश) आलं होतं, आणि ‘नाओंबा न्यान्या, फुंगू मोजा’ हेही. टोमॅटो तिथे वाट्यावर विकतात, वाटा म्हणजे फुंगू. न्यान्या म्हणजे टोमॅटो, आणि आजीसुद्धा.

वहीत शेवटच्या पानावर रोजच्या चुका लिहायच्या, किमान दहा. दहा भरल्या नाहीत तर दोष बोलण्यात नाही, घराबाहेर न पडण्यात आहे. पहिल्या दिवशी तीनच होत्या.

मराठी माणसाच्या ठरलेल्या काही चुका याच पानांवर सापडतात. शेवटचा स्वर आपण गिळतो. स्वाहिलीत शब्द स्वरावर संपतो आणि तो पुरा म्हणायचा. जोर उपांत्य अक्षरावर द्यायचा, ‘हबारी’ (काय खबर?) मध्ये ‘बा’वर. लहान मूल ‘शिकामो’ म्हणालं तर उलट शिकामो म्हणायचं नाही, ‘मराहाबा’ म्हणायचं; शिकामो हा मोठ्यांना करायचा नमस्कार आहे, आणि आपण तो म्हाताऱ्यांना न विसरता करायचा. मराठीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं स्वाहिली असा वळसा घेऊ नये. हिशेबाला ‘हेसाबू’, रंगाला ‘रांगी’, विम्याला ‘बिमा’, आंब्याला ‘एंबे’ म्हणणाऱ्या भाषेकडे मराठीतून जाणारी पायवाट जवळची आहे.

फोन मी बंद करायला लावत नाही, मोजायला लावते. दीड तासाचा वीस मिनिटांवर आणला, आणि तोही रात्रीच्या जेवणाआधी. नंतर केला की झोप रडण्यात जाते. दुपारी अर्धा तास झोप सक्तीची. चार तास परकी भाषा ऐकून मेंदू खरोखर दमतो, त्याला आळस म्हणू नये. दोन आठवडे सलग झोप नाही, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही, असं असेल तर मात्र गृहपाठ बाजूला ठेवून तिथल्या डॉक्टरांकडे जायचं आणि सुपिरिअरना (कॉन्व्हेंटच्या प्रमुखांना) सांगायचं.

घरच्यांसाठी एकच सूचना होती. ‘भाषा आली का?’ हे विचारू नका, आज कुठली चूक झाली ते विचारा. सिस्टरांच्या आईंनी पहिल्याच फोनला विचारलं आणि बागेतली गोष्ट त्यांना कळली. आता त्या फोन उचलताच मुलीला ‘काय दादा?’ म्हणतात.