दवाखान्यातून माहिती फुटली: आधी अंगठा लॉक करा, मग कायद्याचं बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचं ऑपरेशन संभाजीनगरच्या एका खासगी दवाखान्यात झालं, आता तिथली माहिती फुटल्याचं कळलंय, आणि जालन्याला घरी 'क्लेमचे पैसे परत मिळतील, ओटीपी सांगा' असे फोन येतायत.

ओटीपी देऊ नका हे तुम्हाला माहीत आहेच. खरी काळजी वेगळी आहे. सही न येणाऱ्या पेशंटचा संमतीपत्रावर अंगठा घेतात आणि त्याच फाइलीला आधारची झेरॉक्स लागते. हे दोन्ही स्कॅन होऊन बाहेर गेलं असेल, तर नकली ठसा बनवून आधारच्या मशीनवर खात्यातून पैसे उचलता येतात. तिथे ओटीपी लागतच नाही. म्हणून मायआधार संकेतस्थळावर आईचं बायोमेट्रिक आजच लॉक करा. मोबाइल आधारला जोडलेला नसेल तर हे जमणार नाही, आधी आधार केंद्रावर जावं लागेल. लॉक केल्यावर रेशन दुकानात अंगठा चालत नाही आणि लोक मशीनला शिव्या देतात. तात्पुरतं अनलॉक केलं की 10 मिनिटं मिळतात, रांगेत नंबर आल्यावरच करा. त्याच संकेतस्थळावर मागच्या 6 महिन्यांत आधार कधी वापरलं गेलं तेही दिसतं.

पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन आणि त्याच दिवशी बँकेत लेखी तक्रार. चूक तुमची नसेल आणि 3 कामाच्या दिवसांत कळवलं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार भुर्दंड तुमच्यावर येत नाही. उशीर झाला की वाद सुरू.

आता दवाखाना. तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे अर्ज द्या आणि पोच घ्या. नेमकं काय फुटलं (निदान, आधार, बँक खातं, संमतीपत्र), केव्हा कळलं, आणि सर्ट-इनला (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) 6 तासांत कळवलं का, हे तिन्ही विचारा. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2011 च्या नियमांनुसार त्यांना एका महिन्यात तक्रार निकाली काढावी लागते. केसपेपरच्या प्रतीही मागून ठेवा. त्या 72 तासांत द्यायच्या असतात.

250 कोटींच्या दंडाच्या बातम्यांवर फार विसंबू नका. तो 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातला कमाल दंड आहे, सरकारजमा होतो, रुग्णाला त्यातला रुपयाही मिळत नाही. शिवाय नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले असले तरी माहिती फुटल्याचं रुग्णाला कळवण्याचं बंधन 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 पासून. भरपाई देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43अ तेव्हाच रद्द होतंय. तोवर त्याखाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे 5 कोटींपर्यंतचा दावा करता येतो, पण निष्काळजीपणा आणि प्रत्यक्ष नुकसान दोन्ही दाखवावं लागतं. सरकारी दवाखान्याविरुद्ध हा रस्ता नाही.

तुमच्यासाठी मला ग्राहक आयोग बरा वाटतो. विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्याला उघड करणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, त्यामुळे संभाजीनगरच्या चकरा नकोत. दवाखान्याला दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत 2 वर्षं. बिलं, आलेले मेसेज आणि पोच असलेला तो अर्ज सोबत जोडा.