एका कामाची एक पेटी

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

ड्रिल मशीनच्या तीन मोकळ्या पेट्या, ग्राइंडरची एक आणि गोटीपान्याच्या सेटची एक एवढं जमवलंस आणि आता त्यांचं काय करायचं, असं विचारतोस. या पेट्या साइटवर मागे पडतात त्याला कारण आहे. मशीन कामाला लागलं की वायर ताठ होते, बाजूचं हँडल लावलेलंच राहतं आणि मग ते त्या नेमक्या खोबणीत परत बसत नाही. मशीन गोणीत जातं, पेटी कोपऱ्यात पडते. मात्र यातलं एखादं मशीन तुझ्याकडे चालू असेल आणि पुढेमागे विकायचं असेल, तर त्याची पेटी मोडू नकोस. पेटीसकट मशीनला गिऱ्हाईक लवकर मिळतं.

बाकीच्या पेट्यांबद्दल पहिली गोष्ट ही, की पेटी समोर ठेवून ‘यात काय भरू’ असा विचार करू नकोस. तसं केलं की तिच्यात महिनाभरात वाकडे स्क्रू आणि वायरचे तुकडे साठतात. कोणत्या कामाला जाताना काही ना काही विसरतं आणि परत फेरी मारावी लागते, ते आधी ठरव. त्या एका कामाची पेटी कर. मूठ धरून उचलली की काम सुरू करून संपवता आलं पाहिजे. तू ठिबकची दुरुस्ती करतोस, म्हणून पहिली पेटी ठिबकचीच कर असं मी सांगेन.

आधी प्लॅस्टिक ओळख. झाकणाच्या आत किंवा तळाला त्रिकोणात आकडा असतो. 2 म्हणजे एचडीपीई, 5 म्हणजे पीपी, 7 म्हणजे इतर, आणि या पेट्यांत 7 बहुधा एबीएस निघतं. आकडा नसेल तर कडेचा नखाएवढा तुकडा काप आणि पाण्यात टाक. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घाल, नाहीतर तुकड्याला बुडबुडे चिकटतात आणि निकाल चुकतो. एचडीपीई आणि पीपी तरंगतात, एबीएस बुडतं. हे कळणं फार कामाचं आहे. तरंगणाऱ्या दोन्ही प्लॅस्टिकना फेव्हीक्विक, अ‍ॅराल्डाइट, एम-सील, ग्लू गन यांतलं काहीही धरत नाही. आज घट्ट वाटतं, पेटी एकदा पडली की सालपटासारखं निघून येतं. तिथे नट-बोल्टच लागतात. एबीएसला मात्र डिंक धरतो, आणि तेच एबीएस सॉल्व्हंट सिमेंटने, म्हणजे पाइप चिकटवायच्या द्रवाने, विरघळतं. म्हणून पीव्हीसी पाइपच्या सिमेंटचा डबा एबीएसच्या पेटीत कधीही ठेवू नकोस. झाकणाभोवती ओघळ आला की तळ मऊ होऊन भोक पडतं.

ड्रिलच्या पेट्या बहुतेक फुगवून काढलेल्या असतात: आतली आणि बाहेरची अशा दोन भिंती आणि मध्ये पोकळी. बोटाने वाजवलीस तर पोकळ आवाज येतो. या पोकळीमुळेच पेटी पडली तरी फुटत नाही, आणि याच पोकळीमुळे नवशिक्यांचं काम बिघडतं. आतल्या खोबणी नको म्हणून सगळी आतली भिंत कापून काढली, की उरलेली एकेरी भिंत लवचिक होते. झाकण पिळवटतं आणि कड्या एकमेकींसमोर येत नाहीत. झाकणाला करवत लावूच नकोस. तळातही खोबणीच्या मधला एखादा उंचवटा काढायचा असेल तेवढाच काढ आणि कडेने किमान 20 मिमी भिंत शाबूत ठेव. आणखी एक गोष्ट म्हणजे, भोकं पाडण्याआधी पेटी धुऊन घे. भोक पाडल्यावर धुतलीस तर पोकळीत पाणी शिरतं, बाहेर निघत नाही आणि आठवड्याने हत्यारांवर गंज दिसतो. ग्रीस असेल तर धुण्याचा सोडा आणि गरम पाणी पुरतं.

कापण्यापेक्षा खोबणी बुजवणं केव्हाही बरं. त्याचे दोन रस्ते आहेत. जड हत्यारांसाठी 4 मिमी प्लायवूडचा तळ टाक. जाड कागद आत दाबून कडेचा आकार घे, तो प्लायवर उतरव आणि चारही बाजूंनी 3 मिमी कमी कापून घे, कारण पावसाळ्यात प्लाय फुगतो आणि घट्ट बसवलेला तळ कमानीसारखा उचलतो. प्लायला दोन्ही बाजूंनी आणि कडांना वार्निशचा हात दे. कडा राहिल्या तर पाणी तिथूनच पितं. चार कोपऱ्यांत एम4 बोल्ट आणि मोठा वायसर टाकून तळ बसव. बोल्ट पेटीच्या दोन भिंती जिथे एकमेकींना चिकटलेल्या दिसतात तिथूनच काढ. पोकळ जागी बोल्ट आवळलास तर भिंत आत दबते आणि बोल्ट कायम ढिला राहतो. नट नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेला, घे. एचडीपीई दाबाखाली हळूहळू सरकतं, त्यामुळे साधा नट काही दिवसांत सैल पडतो. भोक पाडताना ड्रिलचा वेग कमी ठेव. वेगात प्लॅस्टिक वितळून बिटाला दोरे गुंडाळतात आणि भोक मोठं होतं.

दुसरा रस्ता फोमचा. लहान मुलांच्या खेळायच्या जोडमॅट असतात ना, तो ईव्हीए फोम 10 ते 12 मिमी जाडीचा मिळतो आणि पाणी पीत नाही. गादीचा स्पंज वापरू नकोस, तो दमटपणा धरतो आणि कोकणात तर पक्कड एका पावसाळ्यात तांबडी करतो. दोन थर घे, वरच्या थरावर हत्यारांची बाहेरची रेघ मार आणि नवीन ब्लेडने उभं काप. प्रत्येक हत्याराशेजारी बोट जाईल एवढी अर्धगोल जागा सोड, नाहीतर भर उन्हात हातमोज्याने ते निघत नाही. झाकणाच्या आत एक थर लावलास की हत्यारं हलत नाहीत, पण आधी झाकण बंद करून पाहा. फोम जास्त झाला तर कडी ताणून बसते आणि पहिली तीच तुटते.

आता ठिबकची पेटी. ड्रिलची सगळ्यात खोल पेटी यासाठी ठेव. 16 मिमीच्या नळीसाठी वीस जॉइनर, दहा एंड कॅप, ग्रोमेट (मोठ्या पाइपच्या भोकात बसणारं रबर) आणि टेकऑफ (त्या रबरात बसून नळीला जोडणारा तुकडा) पाच-पाच, तासाला 4 लिटरचे वीस ड्रिपर, पंचवीस डमी (ड्रिपरचं भोक बुजवायची बुचं), नळीला भोक पाडायचा एक पंच, टेफ्लॉन टेपची दोन रिळं, फिल्टरचं एक जादा रबर रिंग, ग्रोमेटच्या मापाचं ड्रिल बिट, धारदार कटर आणि जुना दात घासायचा ब्रश फिल्टरच्या जाळीसाठी. याशिवाय नळीचे 15 ते 20 सेंटिमीटरचे सहा तुकडे ठेवच. उंदराने किंवा खारीने नळी कुरतडली की चावलेला भाग फाटका असतो. तिथे डमी बसत नाही, कारण डमी फक्त ड्रिपरच्या गोल भोकात बसतो. फाटका भाग कापून टाकायचा, मध्ये तुकडा घालायचा आणि दोन्ही टोकांना जॉइनर लावायचे. म्हणजे एका चाव्याला दोन जॉइनर जातात, आणि म्हणूनच पेटीत सगळ्यात आधी तेच संपतात. थंडीत नळी ताठ होते, तेव्हा टोक गरम पाण्यात धरलं की जॉइनर सहज बसतो. शेतात 12 किंवा 20 मिमीची नळीही असेल तर त्यांचे जॉइनर वेगळ्या डब्यात ठेव. घाईत हाताला चुकीचं माप येतं आणि जोड दाब आल्यावर सुटतो.

सिमेंटचा डबा याच पेटीत ठेवायचा असेल तर पेटी एचडीपीईची असल्याची खात्री कर आणि डबा झाकणबंद प्लॅस्टिक बरणीत घाल. ठिबक धुण्याचं अ‍ॅसिड मात्र या पेटीत नकोच, बंद बाटलीतलंसुद्धा नको. त्याच्या वाफेने कटर आणि बिट दोन्ही गंजतात.

लहान वस्तूंसाठी हॉटेलच्या पार्सलचे 250 मिलीचे चौकोनी डबे चांगले, पण आधी पेटीची आतली खोली मोज. तळाची आणि झाकणाची खोली वेगवेगळी मोजायची असते. डबे घट्ट झाकणाचेच हवेत, त्याचं कारण नीट समजून घे. पेटी कामावर आडवी असते, हातात उभी असते आणि कोणीतरी उलट्या बाजूने उघडली की उपडी होते. तिन्ही अवस्थांत वस्तू जागेवर राहिली पाहिजे. उघडे कप्पे केलेस तर पहिल्याच फेरीत ड्रिपर आणि डमी एक होतात आणि मातीत बसून निवडावे लागतात. या पेट्या दोन्ही बाजूंनी सारख्या दिसतात, म्हणून झाकणावर अ‍ॅल्युमिनियमची छोटी पट्टी दोन पॉप रिव्हेटने ठोक आणि रिव्हेटमागे वायसर घाल, नाहीतर रिव्हेट प्लॅस्टिकमधून ओढून येतो. रंग किंवा स्टिकर टिकत नाहीत. आतल्या सामानाची यादी लॅमिनेट करून केबल टायने मुठीला बांध.

वजन 5 किलोच्या आत ठेव. उभी उचलली की सगळा भार दोन कड्यांवर येतो. कडी तुटली तर ट्रंकेच्या कडीसारखी स्टीलची कडी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ती दोन्ही भिंतींतून जाणाऱ्या लांब बोल्टने बसव. तेवढंही नको असेल तर सायकलच्या ट्यूबचे दोन आडवे रबर बँड काप, चांगले घट्ट बसतात. रबर उन्हाने तडकलं की बदलायचे. बिजागरीची पिन हरवली असेल तर सायकलचा स्पोक घाल, साधारण 2 मिमीचा असतो, आणि दोन्ही टोकं वाकव. भेग पडली असेल तर तिच्या दोन्ही टोकांना 3 मिमीचं भोक पाड, म्हणजे ती पुढे जात नाही. मग त्याच जातीच्या प्लॅस्टिकची पट्टी सोल्डरिंग आयर्नने वितळवून भर. पीपीची पट्टी एचडीपीईत मिसळत नाही, वरून जुळल्यासारखी दिसते आणि निघते. हे काम उघड्यावर कर, धूर वाईट असतो.

दुसऱ्या ड्रिल-पेटीत सोल्डरिंगचं सामान छान बसेल. 25 वॉटचं आयर्न, 60/40 सोल्डर, फ्लक्स, विक (जादा सोल्डर शोषून घेणारी तांब्याची पट्टी), चिमटा, मल्टिमीटर आणि एक ओला स्पंज डबीत. फक्त आयर्नचं टोक अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत घालूनच ठेव. एचडीपीई साधारण 130 अंशांना वितळतं आणि टोक त्याच्या दुपटीहून अधिक तापलेलं असतं. बंद केल्यावर पंधरा मिनिटं बाहेर राहू दे.

ग्राइंडरची पेटी लहान आणि लांबट असते. तिच्यात टेस्टर, पक्कड, स्ट्रिपर, इन्सुलेशन टेप, 6 अँपिअरचे दोन स्विच आणि एक सॉकेट, 1.5 चौरस मिमीची पाच मीटर वायर, भिंतीच्या भोकात बसवायच्या 6 मिमीच्या गिट्ट्या आणि त्यांचे स्क्रू एवढं ठेवलंस तर घरगुती वायरिंगचं काम होतं. पण पेटीला भोक पाडून तिचा एक्स्टेंशन बोर्ड करू नकोस. इंटरनेटवर तसं करताना पुष्कळ जण दिसतात. गुंडाळलेली वायर भार आला की तापते, बंद पेटीत उष्णता अडकते आणि हे प्लॅस्टिक पेटतं. लिथियम बॅटरी चार्ज करण्यासाठीही या पेट्या वापरू नयेत. पावसात कॅमेरा किंवा कागदपत्रं ठेवण्याचाही मोह नको. कडेने रबर पट्टी लावली तरी दोन कड्यांच्या मधला भाग उचललेलाच राहतो आणि पाणी तिथूनच येतं. धूळ मात्र अशा पट्टीने बरीच अडते. औषधं आणि खाण्याचं सामान नको, कारण तेल-ग्रीसचा वास धुऊनही जात नाही.

तिसरी ड्रिल-पेटी भिंतीवर लावता येईल. मागच्या बाजूला आतून प्लायची पट्टी घाल, 8 मिमीच्या गिट्ट्या आणि 50 मिमीचे स्क्रू वापर. झाकण खाली उघडून फळी होईल असं लाव आणि दोन्ही बाजूंना नायलॉनची दोरी बांध. भार दोरीवर आला पाहिजे, बिजागरीवर नाही. फळीवर 2 किलोपेक्षा जास्त ठेवू नकोस. थेट ऊन येणारी भिंत टाळ. उन्हाने हे प्लॅस्टिक पांढुरकं आणि ठिसूळ होतं, काळ्या रंगाचं त्यातल्या त्यात टिकतं.

गोटीपान्याची पेटी राहिली. तिच्या गोल खोबणींमध्ये दुसरं काही बसवण्याचा खटाटोप करू नकोस. ती मोटार-पंप खोलताना वापर. पहिला बोल्ट पहिल्या खोबणीत, त्याचा वायसर त्याच खोबणीत, असं ओळीने ठेवत गेलास की परत जोडताना क्रम उलटा लावायचा एवढंच उरतं. खोबणींना आकडे तापवलेल्या खिळ्याने कोर, मार्करचे आकडे रॉकेलने पुसले जातात.

ज्या पेटीची बिजागरी आणि कडी दोन्ही गेली आहेत ती दुरुस्त करत बसू नकोस. पिना आणि फोम काढून भंगारवाल्याला दे, पण आधी तिच्यातून वेल्डिंगसाठी चार-पाच पट्ट्या कापून ठेव आणि त्यांच्यावर प्लॅस्टिकचा आकडा कोर. ठिबकच्या पेटीची खोली मोजून कळव, मग फोमचे किती थर घ्यायचे ते सांगतो.

तुझा,
काका