फ्रेंच शिकण्यासाठी आधी इंग्रजी हवे का?

प्रश्न : माझे वय ४८ आहे. शाळा मराठी माध्यमाची, पुढे वाणिज्य शाखेची पदवी. इंग्रजी वाचता येते, बोलताना मात्र अडखळते. मुलगी फ्रान्समधील लियों येथे शिकत आहे आणि तिचे लग्न तिकडच्याच एका कुटुंबात ठरले आहे. व्याह्यांशी चार वाक्ये त्यांच्या भाषेत बोलता यावीत, एवढीच इच्छा आहे. शहरातील एका वर्गात चौकशी केली, तेव्हा ‘आधी इंग्रजी पक्के करा, मग फ्रेंचकडे वळा’ असे सांगण्यात आले. हे खरे आहे का? (एक वाचक, प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : हा सल्ला मला पटत नाही. आपल्याकडे फ्रेंच बहुधा इंग्रजीतून शिकवली जाते, म्हणून तो दिला जात असावा. पण शिकवण्याचे माध्यम वेगळे आणि भाषेची घडण वेगळी. घडणीपुरते पाहिले, तर इंग्रजीतून येणाऱ्याला फ्रेंचमधील ज्या गोष्टी महिनोन्महिने छळतात, त्यांतील बऱ्याच तुम्ही लहानपणापासून नकळत करत आला आहात.

लिंगाचेच पाहा. निर्जीव खुर्ची स्त्रीलिंगी कशी, असा प्रश्न तुम्हाला पडणार नाही. खुर्ची तिथेही स्त्रीलिंगीच आणि सूर्यही पुल्लिंगीच. चंद्र मात्र तिथे स्त्रीलिंगी होतो. नपुंसकलिंग फ्रेंचमध्ये नसल्याने आपली ‘ते’ घेणारी नामे दोन्हीकडे वाटली गेली आहेत : घर आणि पाणी स्त्रीलिंगी, तर पुस्तक पुल्लिंगी. म्हणून वहीत नाम कधीही एकटे उतरवू नये, त्याच्याआधी ‘एक’ या अर्थाचा शब्द, पुल्लिंगी ‘अं’ किंवा स्त्रीलिंगी ‘यून’, जोडूनच लिहावे. पुस्तकांत बहुधा ‘ल’ आणि ‘ला’ ही, इंग्रजी ‘द’सारखी, उपपदे दिलेली असतात. परंतु नाम स्वराने सुरू होत असेल तर दोन्हींचा नुसता ‘ल्’ उरतो आणि लिंग झाकले जाते.

भूतकाळाची गोष्ट याहून गमतीची आहे. ‘तो गेला, ती गेली’ हा फरक इंग्रजीत नाही, फ्रेंचमध्ये आहे : जाणे, येणे, निघणे, पोहोचणे, जन्मणे, मरणे अशा क्रियापदांचे भूतकाळी रूप कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. इतकेच नव्हे, तर ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ यातील ‘लिहिलेली’ जसे चिठ्ठीच्या लिंगाने चालते, तसेच तिथेही चालते, आणि लिहिणारा पुरुष असला तरी स्त्रीलिंगी नाम आधी आल्यामुळे ‘लिहिलेला’ या अर्थाच्या ‘एक्री’चे ‘एक्रीत’ होते. आपल्यासारखे ‘मी चिठ्ठी लिहिली’ असे सरळ वाक्य केले, तर मात्र फ्रेंच क्रियापद चिठ्ठीला जुमानत नाही. सरळ वाक्यात तिथे चिठ्ठी क्रियापदानंतर येते, आणि असे नाम क्रियापदाच्या आधी येते तेव्हाच हा नियम लागू होतो. जाता जाता एक सांगतो : ‘मी गेलो’ आणि नागपुरातील बायकांच्या तोंडचे ‘मी गेली’ यांतील भेद फ्रेंच माणूस फक्त कागदावर करतो, कारण त्याच्या बोलण्यात ही दोन्ही रूपे सारखीच ऐकू येतात.

व्याह्यांशी बोलताना मुख्य प्रश्न ‘तू’ की ‘तुम्ही’ हा असेल. एकेरीसाठी ‘त्यू’ आणि आदरार्थी व अनेकवचनी ‘वू’ अशी आपल्यासारखीच वाटणी तिकडेही आहे, आणि आपल्या ‘अरे-तुरे करणे’ या क्रियेसाठी तिथे ‘त्युत्वाये’ असे स्वतंत्र क्रियापदच आहे. त्यांनी होऊन एकेरीवर येण्याचे सुचवेपर्यंत ‘वू’ सोडू नये. हा संकोच तुम्हाला शिकवावा लागणार नाही.

आता मराठी जिथे नडते ते सांगतो. मी शिकू लागलो तेव्हा प्रत्येक शब्दाचा उच्चार देवनागरीत लिहून ठेवण्यासाठी वेगळी वही केली होती आणि तिचा मला अभिमानही होता. त्या वहीत ‘वर’ या अर्थाचा शब्द ‘दसू’ होता आणि ‘खाली’ या अर्थाचाही ‘दसू’च होता. पुस्तक कपाटावर आहे, असे मी एका फ्रेंच पाहुण्याला सांगितले, तेव्हा तो गुडघे टेकून कपाटाखाली पाहू लागला. फरक शेवटच्या स्वराचा होता. ‘खाली’मधील स्वर आपला नेहमीचा ‘ऊ’ आहे. ‘वर’मधील स्वर आपल्या वर्णमालेत नाही. तो साधण्यासाठी ‘ती’ म्हणावे आणि जीभ जराही न हलवता ओठ ‘तू’ म्हणताना होतात तसे गोल करावेत. जो आवाज निघेल, तोच वर सांगितलेल्या एकेरी ‘त्यू’चा खरा उच्चार. आरशासमोर आठवडाभर हे केले तर तो बसतो. लिहिताना मी येथे देवनागरी वापरतो आहे तो नाइलाज म्हणून. तुम्ही मात्र शब्द आधी कानाने घ्यावा आणि मग त्याच्याच लिपीत लिहावा.

अनुनासिक स्वरांसाठी मराठी अनुस्वार फसवा आहे. ‘आंबा’ म्हणताना आपण स्पष्ट ‘म’ उच्चारतो, त्यामुळे ‘चांगला’ या अर्थाच्या फ्रेंच ‘बों’चे ‘बोन’ किंवा ‘बोंग’ होते. नागपूरकराला याचा उपाय लांब शोधावा लागत नाही : इतवारीत दुकानदाराशी हिंदीत भाव करताना आपण जो ‘हाँ’ म्हणतो, त्यात ‘न’ही नसतो आणि ‘म’ही नसतो, स्वर तेवढा नाकातून निघतो. नेमके तेच येथे हवे.

न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांची भीती मात्र थोडी अधिकच घातली जाते. नागपूरच्या मिहान औद्योगिक भागातील विमानांच्या कारखान्याच्या नावातील ज्या शब्दाला पुष्कळजण ‘दसॉल्ट’ म्हणतात, तो ‘दासो’ आहे. सदरमधील शाळा आणि सेमिनरी हिल्सवरील महाविद्यालय ज्यांच्या नावाने आहे, ते संत फ्रान्सिस डी सेल्स त्यांच्या स्वतःच्या भाषेत ‘फ्रान्स्वा द साल’ होते. शेवटचे व्यंजन बहुधा गळते, एवढे धरून चालावे. पुढच्या शब्दाच्या आरंभी स्वर आला, की गळलेले व्यंजन पुष्कळदा परत येते : ‘ले’ हे अनेकवचनी उपपद आणि ‘आमी’, म्हणजे मित्रमंडळी, मिळून ‘लेझामी’ होते आणि त्यातील ‘झ’ आपल्या ‘माझा’मधल्यासारखा असतो. शाळेत संधी शिकलेल्या माणसाने याला घाबरू नये.

सरावासाठी टीव्ही ५ मोंद या वाहिनीच्या संकेतस्थळावर अगदी पहिल्या पातळीपासूनचे धडे विनामूल्य आहेत. रोज वीस मिनिटे द्या आणि ऐकलेले वाक्य मोठ्याने म्हणा. घरचे हसतील, हसू द्यावे.

प्रश्न : फ्रेंचमध्ये ६९ पर्यंत अंक नीट येतात, पुढे सगळा गोंधळ होतो. काही युक्ती आहे का? (एक विद्यार्थिनी, महाल, नागपूर)

उत्तर : सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’, ऐंशी म्हणजे ‘चार-विसा’ आणि नव्वद म्हणजे ‘चार-विसा-दहा’, अशी ती रचना आहे; ९७ म्हणताना ‘चार-विसा-दहा-सात’ म्हणावे लागते. आपल्याकडे वस्तू कोडीने मोजत आणि कोडी म्हणजे वीसच, हे आजीला विचारून पाहावे. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर आणि नव्वद यांना सरळ स्वतंत्र शब्द आहेत, पण फ्रान्समध्ये ते चालत नाहीत. फ्रान्समध्ये दहा आकडी दूरध्वनी क्रमांक दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात, म्हणून ओळखीच्यांचे क्रमांक तसे जोड्या पाडून रोज म्हणावेत.

प्रश्न : मुलाला कॅनडात स्थायिक व्हायचे आहे. त्याने डेल्फ परीक्षा द्यावी का? (एक पालक, नागपूर)

उत्तर : डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चार भागांना प्रत्येकी २५ गुण असतात, एकूण ५० आणि प्रत्येक भागात किमान ५ मिळाले की उत्तीर्ण. ते प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. परंतु कॅनडा सरकारच्या स्थलांतराच्या अर्जासाठी ते धरले जात नाही. तिथे फ्रेंचसाठी टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा यांपैकी एक परीक्षा द्यावी लागते आणि तिचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य असतो. तेव्हा अर्ज करण्याची वेळ आधी ठरवावी आणि परीक्षेचे शुल्क नंतर भरावे.