वकिली मुलीची, राजकारण कुणाचं?

नागपूरच्या मानेवाड्याहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"मुलगी यंदा बारावी झाली. कला शाखा, ७८ टक्के. मी २२ वर्षं पक्षाचं काम करतो. तीनदा तिकीट मागितलं, मिळालं नाही. महापालिकेचे नाली आणि सिमेंट रस्त्यांचे ठेके घेतो. मुलीला अठरा पूर्ण होताच फर्ममध्ये भागीदार करून घेतलं. तिनं पाच वर्षांचं लॉ करावं, सनद घ्यावी आणि आमच्या प्रभागात महिला राखीव जागा निघाली की उभं राहावं. आपले सगळे मोठे नेते वकीलच होते. ती भूगोल घेऊन बी.ए. करायचं म्हणते, नकाशांचं काहीतरी वेड आहे. तुमचं उत्तर तिला वाचायला देणार आहे, तेव्हा पटेल असं लिहा. क्लास कोणता लावू?"

पटेल असं लिहिते, पण तिला नाही, तुम्हाला.

तुमच्या पत्रात प्रभाग आहे, तिकीट आहे, आरक्षण आहे, २२ वर्षांचा हिशोब आहे. मुलीच्या वाट्याला एक वाक्य आलंय आणि त्यातही "काहीतरी" हा शब्द. ७८ टक्क्यांची मला अजिबात काळजी वाटत नाही. तिला न विचारता तुम्ही तिला भागीदार केलंत, आता वकील करताय आणि पुढे उमेदवार करणार आहात, याची वाटते. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांना राखीव झाल्या, तेव्हापासून सहीपुरती नगरसेविका आणि कारभारी नवरा किंवा वडील हे चित्र विदर्भातल्या गावोगावी लोकांनी पाहिलंय. सभागृहात विषयपत्रिका तिच्या हातात आणि फोन बाहेर बसलेल्या माणसाच्या कानाला! तुम्हाला तसंच करायचं असेल असं मी म्हणत नाही. पण पत्रात जे लिहिलंय ते वाचून दुसरं काही डोळ्यांपुढे येत नाही.

शिवाय तुमची योजना तुमच्याच हातानं अडलेली आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम १० काढून वाचा. महापालिकेबरोबरच्या ठेक्यात ज्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, स्वतःच्या किंवा भागीदाराच्या मार्फत हिस्सा आहे, तो नगरसेवक होण्यास अपात्र ठरतो. तुमची फर्म पालिकेचे ठेके घेते आणि मुलगी फर्ममध्ये भागीदार आहे. म्हणजे ज्या दिवशी ती अर्ज भरेल, त्या दिवशी समोरच्या उमेदवाराचा वकील भागीदारी-पत्राची नक्कल घेऊन छाननीला हजर असेल. वकिलीतही हाच खडा लागेल. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे सनदधारकाला स्वतः धंदा चालवता येत नाही. निष्क्रिय भागीदार राहता येतं, पण तो धंदा वकिलीच्या प्रतिष्ठेला साजेसा आहे असं राज्य बार कौन्सिलचं मत असेल तरच.

आरक्षणाचा हिशोबही कच्चा आहे. नगरसेवक व्हायला वय २१ लागतं आणि पाच वर्षांचं लॉ संपेल तेव्हा ती २३ची असेल. प्रभागातली कुठली जागा कुणासाठी राखीव, हे दर निवडणुकीआधी ठरतं, त्यात सोडतीची चिठ्ठी असते. नागपुरात २०१७ला १५१ जागा आणि ३८ प्रभाग होते, एक सोडून सगळे चार सदस्यांचे. मार्च २०२२ला मुदत संपली, तर त्यानंतर काही वर्षं प्रशासकच बसला. पाच वर्षांनंतरच्या चिठ्ठीवर कुणी मुलीचं शिक्षण ठरवतं का?

आता "सगळे मोठे नेते वकीलच होते" हा समज. या एका वाक्यापायी विदर्भात किती घरांतून मुलं नागपूरच्या लॉ कॉलेज चौकात पाठवली गेली असतील! उमेदवारी अर्जाला पदवी लागत नाही. शपथपत्रात शिक्षणाचा रकाना असतो, तिथे "दहावी" लिहिलेलाही निवडून येतो. मग वकील एवढे का दिसतात? वसंतराव नाईक नागपुरात शिकले, पुसदला वकिली केली, १९४६मध्ये तिथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. त्या काळी तालुक्याच्या वकिलाकडे तीन गोष्टी असत: सरकारी नोकरीबाहेरचं उत्पन्न, स्वतःच्या हातातला वेळ आणि गावोगावचे पक्षकार. शेतीच्या तंट्यात ज्याचं वकीलपत्र घेतलं, तो पुढे मतदार म्हणून भेटायचा. कायद्याचं ज्ञान त्या मानानं मागाहून येई. पी. व्ही. नरसिंह राव हेही कायदा नागपुरात शिकले, पण त्यांची वाट हैदराबाद मुक्तिलढ्यातून गेली. आंध्रचे मुख्यमंत्री, मग १९८४ आणि १९८९ला आपल्या रामटेकमधून खासदार आणि १९९१ला पंतप्रधान. देवेंद्र फडणवीसांची कायद्याची पदवी १९९२ची आणि नगरसेवकपदही १९९२चंच. १९९७ला ते महापौर झाले ते प्रभागातल्या आणि पक्षातल्या कामावर, आणि वडील विधान परिषदेचे सदस्य होते हेही त्यात धरा. तिघांच्याही पदवीत कायदा आहे, पण एकाचीही वाट "आधी सनद, मग तिकीट" अशी आखलेली नव्हती. आजच्या ज्युनिअरकडे वेळही नसतो. सीनियरसाठी पेशी म्हणजे पुढची तारीख घेणं, पासओव्हर म्हणजे प्रकरण थोडं उशिरा पुकारा अशी विनंती करणं, नकलांचे अर्ज करणं यातच पहिली काही वर्षं जातात आणि पक्षकार सीनियरचे असतात.

प्रवेशाचं थोडक्यात: बारावीनंतर पाच वर्षांसाठी राज्याची एमएच-सीईटी लॉ ही प्रवेश परीक्षा, नागपूरजवळच्या वारंग्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, पदवीनंतर तीन वर्षांसाठी वेगळी सीईटी, सनदेनंतर बार परीक्षा दोन वर्षांच्या आत पास व्हावी लागते.

आणि लॉ एवढंच हवं असेल, तर ते तुम्ही करा. हे टोमण्यानं लिहीत नाही. पत्राखाली तुम्ही बी.कॉम. लिहिलंय. तीन वर्षांच्या एल.एल.बी.ला कमाल वयाची अट नाही, खुल्या प्रवर्गाला पदवीत ४५ टक्के लागतात. पत्राद्वारे किंवा दूरस्थ लॉ चालत नाही, हजेरी खरी भरावी लागते, म्हणजे सकाळचा साइटवरचा फेरा कुणावर तरी सोपवावा लागेल. ठेके चालू असताना शिकायला हरकत नाही, सनद घेताना मात्र धंद्याचा निर्णय करावा लागेल. निवडणूक लढवायची असेल तर कलम १० तुम्हालाही लागू आहे. चालू कामं, त्यांची बिलं, अडकलेली सुरक्षा ठेव, सगळं अर्ज भरण्याआधी कागदोपत्री संपवा. २२ वर्षांचं काम तुमचं आहे, तिकीटही तुम्हीच मागा.

मुलीच्या नकाशांकडे वळते. भूगोलाला नागपुरात जागा नाही असं वाटत असेल, तर उपग्रहचित्रांवर काम करणारं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात आहे, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरो अमरावती रोडवर. दोन्हीकडे नकाशा हेच रोजचं काम. बऱ्याच जागा कंत्राटी असतात, हेही तिला आधीच सांगा. भूगोलाच्या मुलांचं फसतं ते एका ठिकाणी: तीन वर्षं नद्या आणि हवामान पाठ करतात, संगणकावर एक नकाशा करत नाहीत, आणि मुलाखतीत जिओरेफरन्सिंग, म्हणजे नकाशाला खरे अक्षांश-रेखांश जोडणं, विचारलं की गप्प बसतात. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पहिल्याच वर्षी तिनं स्वतःच्या प्रभागाची हद्द, नाल्या आणि शाळा त्यात चढवाव्यात. सोबत थोडी संख्याशास्त्राची आणि पायथॉनची ओळख असली की पुढे भूमाहितीशास्त्रात एम.एस्सी. सोपी जाते. एक लक्षात घ्या, प्रभागरचनेवर हरकत घ्यायची वेळ येते तेव्हा तुमच्या पक्षाच्या कार्यालयात नकाशा वाचता येणारा माणूस शोधावा लागतो. तिला राजकारण खुणावलंच, तर बी.ए.नंतर तीन वर्षांचं लॉ आहेच. तोवर डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात असतं, प्रेक्षक गॅलरीचा पास काढून एक दिवस कामकाज पाहून येऊ दे. तुमच्याशिवाय.

भागीदारीचं या आठवड्यात मिटवा. निवृत्तीचा करार, भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे नोंद, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, बँकेला पत्र आणि जीएसटी नोंदणीत १५ दिवसांच्या आत बदल. आतापर्यंतच्या देण्यांची जबाबदारी ती बाहेर पडली तरी तिच्यावर राहू शकते, म्हणून करारात ती तुम्ही घेतल्याचं स्पष्ट लिहून घ्या. सही करण्याआधी तिला तो कागद वाचू द्या, भागीदार करताना वाचायला दिला नव्हता असं दिसतंय.

क्लासची फी भरली नसेल तर भरू नका. भरली असेल तर पैसे परत मागायचा अर्ज उद्याच द्या, बॅच सुरू झाल्यावर कुणी परत देत नाही.